निळ्या पिंपातली इस्राएल आळी

प्रिय शुला,

पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते: तुझे पप्पा, आमचे सामूकाका, ठणठणीत आहेत. काल माझ्या आईने पाठवलेलं जिताड्याचं कालवण त्यांनी भांडं पुसून खाल्लं आणि वर मलाच ऐकवलं की चिंच जरा कमी पडली. आता तू म्हणशील, मग फोन करायचा होतास, हे पत्रबित्र काय काढलंस. त्याला कारण आहे, पण ते शेवटी सांगणार. कॉलेजात असताना तू प्रत्येक कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि मग मलाही सांगून माझा विचका करायचीस. या वेळी तसं केलंस तर बघ.

आधी कामाचं सांगते, कारण काम तूच माझ्या गळ्यात घातलंस. तुझी आई, आमच्या रेबेकाकाकी, गेल्या तेव्हा तू रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावी आलीस, रोज सकाळी पप्पांना ‘चला इस्राएलला, अश्दोदला’ म्हणालीस आणि रोज सकाळी त्यांनी नवी सबब काढली. आधी कवळीचं काम अर्धवट होतं, मग लोणच्याच्या कैऱ्या यायच्या होत्या, मग विमानात पाय सुजतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. शेवटी तू हात टेकलेस आणि पेणला माझ्याकडे येऊन म्हणालीस, मृणाली, ते आजोबांच्या त्या कागदांच्या पेट्यांना चिकटून बसलेत. पेट्या हलल्या की तेही हलतील. तिकडच्या संग्रहालयाशी तू बोलणी केलीस, करारावर सही केलीस, आणि पेट्यांतल्या कागदांची सूची करून, सगळं नीट बांधून तिकडे रवाना करायचं मला सांगितलंस. माझी लायब्ररीतली नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती, घरी आई रोज एक स्थळ काढत होती, त्यामुळे मी आनंदाने पेणहून रोह्याच्या मेमू गाडीत बसले. तुला कागदही हवे होते आणि बापही. त्यात तुझी काही चूक नव्हती. तिथल्या वृद्धाश्रमात तू दिवसभर दुसऱ्यांच्या आईबापांना भरवतेस आणि घरी येऊन आपल्या बापाला फोनवर ‘जेवलात का’ विचारतेस, हे तू मला एकदा सांगितलंस तेव्हा मीच रडले होते.

तुझे आजोबा हझान होते, सिनेगॉगात प्रार्थना सांगायचे, एवढंच मला ठाऊक होतं. पण अष्टमीची, रोह्याची, पार पेणपर्यंतची कुटुंबं जेव्हा एकामागून एक इस्राएलला निघाली, तेव्हा जाणाऱ्या प्रत्येकाने आपलं एकेक गाठोडं त्यांच्या ओटीवर आणून ठेवलं, ‘हझानसाहेब, जरा सांभाळा, मागाहून मागवून घेऊ’ म्हणून, हे मला पेट्या उघडल्यावर कळलं. मागवून कुणीच घेतलं नाही. काय काय निघालं म्हणून सांगू! वेलबुट्टी काढलेले लग्नाचे करारनामे, ज्यांना काका केतुबा म्हणतात. वर हिब्रू आणि खाली मोडी अशा लग्नपत्रिका. वल्हांडण सणाच्या प्रार्थनांचं मराठी पुस्तक, ज्याच्या दर पानावर तेलकट बोटं उठलीत. योसेफाच्या आख्यानाची कीर्तनाची वही, साक्या-दिंड्यांसकट. आणि तुझ्या पणजोबांच्या घाण्याच्या पावत्या, ज्यांच्यावर तेलाच्या भावापेक्षा मोठ्या अक्षरात छापलंय, ‘शनिवारी घाणा बंद’. आमच्याकडे तुम्हा यहुदी लोकांना शनवार तेली का म्हणायचे ते मी लहानपणापासून ऐकत होते, पण त्याची छापील पावती हातात आल्यावर मी ती काकांना नाचवत दाखवली. काका म्हणाले, “नाचतेस काय गो, कागद फाटंल.”

माझं काम तसं कंटाळवाणं आहे. मऊ ब्रशने धूळ काढायची, गंजक्या टाचण्या हळूच उपसायच्या, मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर घालायचा आणि सूचीत भरायचं, काय आहे, कुणाचं आहे, कधीचं आहे. त्यात ‘विषय’ असा एक रकाना असतो. एका फोटोत एक बाई खवणीवर बसलीये आणि बाजूला कोंबडी उभी आहे. मी आपलं लिहिलं, ‘स्त्री, खवणी, कोंबडी’. काकांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, “ही माझी दिनाआत्या हाय. कोंबडी आमची नाय, शेजारच्या केरूच्या आज्याची. तेवढं लिव, उगाच वाद नको.” मी लिहिलं. तुझ्या संग्रहालयातल्या बायका ते वाचून काय समजतील कोण जाणे.

पण काका आठवडाभर एवढंच बोलायचे. खरा माणूस खुलायचा तो शनिवारी. शब्बाथला काम नाही, त्यांचंही नाही आणि त्यांच्या घरात माझंही नाही. “पेन्सिल ठेव गो,” म्हणायचे, आणि मग ओटीवर बसून एकेका माणसाची गोष्ट सुरू करायचे. कोण कुणाशी भांडून गेला, कुणाचं लग्न मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या, ताटावरून मोडता मोडता राहिलं, रोह्याच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर कसा चष्मा लावून खेळायचा. सूचीला हवी ती सगळी माहिती शनिवारीच आणि लिहायला बंदी! मी म्हटलं, काका, हे उद्या सांगा ना. तर म्हणाले, उद्या आठवेल कशावरून? शेवटी मी पाठ करायला शिकले. परत जाताना मेमूत मी डोळे मिटून नावं पुटपुटत बसायचे, आणि समोरच्या बाईला वाटायचं, पोरगी फार देवभोळी आहे. रविवारी सकाळी लिहून काढायचं आणि सोमवारी काका वाचून चुका काढायचे. शाळेतल्या मास्तरांचा मला इतका धाक नव्हता.

आमच्या घरची खबर अशी की माझ्या भावाला, निलेशला, डोलवीच्या प्लँटमध्ये कायम केलं, पण शिफ्ट अशा विचित्र की तो घरात असला तरी झोपलेलाच असतो. आई तुझी आठवण काढते. तू पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलीस तेव्हा तिने मोठ्या प्रेमाने सोड्याची, सुक्या कोलंबीची, भाजी केली होती आणि तू नुसता भात चिवडत बसली होतीस, ते तिला अजून लागून राहिलंय. ‘पोरीनं सांगितलं नाय, सोडे चालत नाय म्हनून’. मग बाबा मिठागरावरून आले, त्यांनी विचारलं, तुमच्यात काय चालतं, आणि तू म्हणालीस, खवलं असलेला मासा. बाबा हसले आणि तसेच चिखलाच्या पायांनी धरमतर खाडीच्या बाजूला जाऊन जिताडा घेऊन आले. बाबा आज नाहीत, पण आई अजून विसरून महिन्यातून एकदा काकांना सोडे पाठवते आणि काका ते निमूट केरूच्या बायकोला, शांतीला, देऊन टाकतात. शांती वाट बघत असते म्हणतात.

आता मुख्य भानगड. सूची पुरी झाली, स्कॅनिंग झालं, आणि मी एकेक गठ्ठा मांजरपाटात बांधायला घेतला. आम्ही जुने कागद कोऱ्या, धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळतो आणि सुती फितीने बांधतो, म्हणजे दमट हवा कागदाला थेट लागत नाही. काका बघत बसले होते. म्हणाले, “आमच्या मयताला पन हाच कपडा.” मी हसले. मग त्यांनी मला समजावलं की ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो तुमच्यात जाळत नाहीत, फाडत नाहीत, रद्दीत तर नाहीच नाही. तो वापरातून गेला की माणसासारखा कबरस्तानात पुरतात. मला हे फार आवडलं. मी सूचीच्या प्रस्तावनेत तसं लिहिलंसुद्धा. तेव्हा माझ्या डोक्यात पुढची शंकाही आली नाही. संग्रहालयाचा माणूस पुढच्या आठवड्यात यायचा होता. रविवारी गावात माझ्या मावसबहिणीची, भाविकाची हळद होती, म्हणून मी तिकडेच अडकले. सोमवारी अष्टमीला पोचले तर पेट्या उघड्या आणि आत डांबरगोळ्या सोडून काही नाही! काका ओटीवर चहा पीत होते. मी विचारलं, कागद कुठे आहेत? म्हणाले, “पुरले.”

शुला, मी तिथेच पायरीवर बसले. काकांचा चेहरा इतका साधा, की काय सांगू. “तू कफन घातलंस, फीत बांधलीस, मला वाटलं तयारी झाली. मी प्रार्थना म्हनली, केरूनं खड्डा घेतला. शांतीनं फुलं आनली.” मी म्हटलं, काका, त्यात तेलाच्या पावत्या होत्या, त्यात दिनाआत्याची कोंबडी होती, फुटबॉलच्या टीमचा फोटो होता, त्याच्यावर कुठे देवाचं नाव? काका म्हणाले, “गोलकीपरचं नाव एलियाह व्हतं.” आणि चहाचा घोट घेतला. एलियाहू हन्नाबीचं, ज्या प्रेषिताच्या नावाने तुम्ही मलिदा करता त्याचं, नाव निघाल्यावर या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी तशीच उठले आणि कबरस्तानाकडे पळाले.

केरू शेजारच्या शेतात वालाला पाणी देत होता. मी त्याला म्हटलं, फावडं घे, चल, उकर. त्याने फावडं पाठीमागे धरलं. “मयत उकरायचा नाय, बाय. आमच्यात पन नाय आनि त्यांच्यात पन नाय.” मी म्हटलं, अरे मयत कसलं, कागद आहेत ते, पहिल्या पावसात लगदा होईल! मी जवळजवळ रडायला लागले होते. तेव्हा त्याला माझी दया आली असावी. तो म्हणाला, “कशाला रडतेस, पिंपाला काय व्हतंय? पानी जात नाय त्यात.” मी विचारलं, कसलं पिंप? तर धाटावच्या कंपन्यांतून येतात ना, ती निळी प्लॅस्टिकची पिंपं, लोखंडी कडीने झाकण आवळायची. आम्ही तांदूळ भरतो त्यातलंच एक. काकांनी ते आधी दोन दिवस उन्हात वाळवलं होतं. तळाला कडुनिंबाचा पाला, त्यावर भाताचा तूस, मग गठ्ठे, आणि झाकणाभोवती सायकलची ट्यूब कापून घातली होती. केरू हे सगळं कौतुकाने सांगत होता. आणि माझं रडू थांबलं. मातीला द्यायचं म्हणून पुरणारा माणूस पिंपाच्या झाकणाला ट्यूब कशाला लावेल?

मी काकांना काही बोलले नाही. संग्रहालयाला मात्र कळवलं, बांधणीला थोडा उशीर होतोय, माणूस इतक्यात पाठवू नका. तुलाही फोनवर तेच सांगितलं. मग मी शनिवारची वाट पाहिली. शनिवारी काकांबरोबर अष्टमी आणि रोह्याच्या मधल्या पुलावर फिरायला गेले. कुंडलिका नदीला भरती होती, वारा छान होता, रोह्याच्या बाजूला गर्दी होती. पुलाच्या मध्यावर काका थांबले आणि आपणहून म्हणाले, “तुला समजलंय ना?” मी मान हलवली. मी म्हटलं, काका, तुम्हाला जायचं नसेल तर शुलाला सरळ सांगा ना, एवढा खटाटोप कशाला? तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले, मला काहीच कळत नाही अशा नजरेने. “कोन म्हनला जायचं नाय? माझी पोर तिकडं हाय, नातवंडं हायेत. रेबेका गेल्यापासून मी ओटीवर बसून भिंतीशी बोलतो. मला जायचंच हाय गो. पन मला न्यायला ती कागदांना आधी नेते, ते मला चालत नाय.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पाठ केलं, आणि इतक्या शनिवारांचा सराव असल्यामुळे एकही शब्द सांडला नाही. “तिकडं समदेच यहुदी. तिकडं आपला कागद हजारातला एक. कपाटात ठेवतील, नंबर घालतील, बरं हाय. पन हितं तो एकच हाय. मी गेलो का आळीत आमचं घर नाय. उद्या एखादं पोर विचारील, हिला इस्राएल आळी का म्हनतात, तर कोन सांगनार? केरू सांगंल, पन केरू किती दिस पुरंल? आमी हितं तेल काढलं, कीर्तनं केली, फुटबॉल हरलो. ते हितंच असाया पायजे. मानूस जाऊ दे, मानसाला पाय हायेत.” एवढं बोलून त्यांनी खिशातून शेंगदाणे काढले आणि अर्धे मला दिले. सबबी काढून काढून इतके दिवस त्यांनी तुला टाळलं, आपल्याला वाटलं त्यांचा पाय निघत नाही. ते पेट्यांना जागा शोधत होते गो. जागा सापडेना आणि तुझ्या संग्रहालयाचा माणूस दारात येऊन ठेपला, तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीने जागा केली. तुमच्यात एकदा पुरलेलं कुणी मागत नाही, हा त्यांचा भरवसा.

मला राग यायला हवा होता, कारण पिंपातला तूस माझ्या मांजरपाटात किती घुसलाय देव जाणे. पण मी हसत सुटले, पुलावर, लोकांसमोर, आणि काकाही हसले. मग एकदम वाईट वाटलं. मला ते जायला नको आहेत. बाबा गेल्यापासून काकांशिवाय मला कुणी ‘चिंच कमी पडली’ म्हणून बोललेलं नाही. रोज सकाळी मेमूतून उतरताना मला वाटतं, चला, आता काका माझ्या चुका काढतील, आणि बरं वाटतं. हे मी तुला सांगणार नव्हते, पण तुझ्यापाशी लपवून काय करायचंय?

मग मी कामाला लागले. रोह्यातल्या वाचनालयाच्या मंडळींना गाठलं, काकांना सोबत नेलं. काकांनी तिथे योसेफाच्या आख्यानातली एक साकी खड्या आवाजात म्हणून दाखवली, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना आपल्या लहानपणी आळीत ऐकलेली कीर्तनं आठवली. एकाने तर पुढची ओळ म्हटली. त्यांनी वरच्या मजल्यावरची खोली दिली आहे, कोरडी आहे, भिंतीला ओल नाही हे मी हात लावून बघितलं. सांभाळायला मी आहे. पेणहून येऊन-जाऊन करेन, आईला स्थळं बघायला तेवढाच वेळ कमी मिळेल.

तर शुला, हे पत्र त्यासाठी. करारावर सही तुझी आहे, तो बदलायचाही तूच. संग्रहालयाला लिही की प्रती मिळतील, एकूण एक पानाच्या, कोंबडीसकट, पण मूळ कागद रोह्यात राहतील. तुझा होकार आला की केरू पिंप वर काढेल. काकांनीच त्याला तसं सांगून ठेवलंय, शुला हो म्हनली तर ते मयत नाय. आणि तू हो म्हणालीस की काका तिकीट काढायला तयार आहेत. हे त्यांनी फोनवर सांगितलं नाही, कारण मी येतो म्हटलं की तू आनंदाने रडशील, त्या रडण्यात कागदांचं राहून जाईल, आणि तुझं रडणं ऐकून त्यांना मागून काही मागता येणार नाही, अशी त्यांना भीती आहे. म्हणून त्यांनी मला म्हटलं, तू लिव, तिला वाचायला वेळ मिळंल. तेव्हा सावकाश वाच, मनापासून हो म्हण, आणि त्यांना न्यायला तू स्वतः ये. निघायच्या आधी आळीत मलिदा करू, पोहे आमच्या पेणचे आणू. तुझा बाप तू घेऊन जा. मी डोळे पुसत विमानतळापर्यंत येईन, तक्रार करणार नाही. पण पेट्यांतली ती सगळी माणसं आमची शेजारी होती गो. त्यांना इथे राहू दे.

तुझ्या होकाराची वाट पाहणारी, तुझीच,
मृणाली